तारेवाचून इंटरनेट : संगणकास जोडावयाचे डोंगल

गोव्यातील सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि काणकोण या तालुक्यांतील डोंगराळ वाड्यांवर वीज पोहोचून बरीच वर्षे लोटली. शाळेत संगणक आला, पंचायतीच्या कार्यालयात आला आणि आता तो काही घरांतही दिसू लागला आहे. मात्र इंटरनेटची तार प्रत्येक वाडीपर्यंत पोहोचलेली नाही. जमिनीच्या एक-चौदाचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला, वीजबिलाचा भरणा ही कामे तर दिवसेंदिवस संगणकावरून होऊ लागली आहेत. ज्याच्या गावात तार नाही, त्याला या कामांसाठी तालुक्याच्या ठिकाणी जावे लागते, आणि अर्ध्या तासाच्या कामापायी दिवसाची मजुरी बुडते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा सत्तरी आणि सांगे भागांतील मुले मोबाइल घेऊन डोंगरमाथ्यावर, झाडाखाली, मिळेल त्या उंचवट्यावर बसून धडे ऐकत होती. ती दृश्ये पुष्कळांच्या स्मरणात असतील.

जेथे तार नाही परंतु मोबाइल फोन चालतो, तेथे संगणक इंटरनेटला जोडण्याचे एक साधन गेली दहा-पंधरा वर्षे उपलब्ध आहे. त्यास सर्वत्र ‘डोंगल’ म्हणतात. बोटभर लांबीची ही वस्तू संगणकाच्या यूएसबी खाचेत बसवावयाची असते. ती स्वस्त आहे, वापरण्यास सोपी आहे, आणि तरीही अनेक घरांत व कार्यालयांत ती टेबलाच्या खणात निरुपयोगी पडलेली आढळते. असे का होते, हे समजून घेतल्यास नव्याने डोंगल घेणाऱ्याचे पैसे वाया जाणार नाहीत.

डोंगल म्हणजे काय?

या इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती निश्चित नाही. १९८० नंतरच्या काळात संगणकाच्या मागे बसवावयाच्या एका लहानशा कुलपास हे नाव होते. महाग आज्ञावलीची चोरून नक्कल होऊ नये म्हणून ते कुलूप विकत दिले जाई, आणि ते बसविल्यावाचून आज्ञावली चालत नसे. मराठी अक्षरजुळणीसाठी श्रीलिपीसारख्या आज्ञावली वापरणाऱ्या बेळगाव, इंदूर किंवा वडोदरा येथील जुन्या मुद्रकांना हे पहिले डोंगल चांगले परिचयाचे असेल. पुढे संगणकास बाहेरून जोडावयाच्या कोणत्याही छोट्या वस्तूस तोच शब्द लागू झाला, आणि भारतात तो मोबाइल इंटरनेटच्या उपकरणास कायमचा चिकटला.

आजच्या डोंगलाच्या आत वस्तुतः एक अर्धा मोबाइल फोन असतो. त्यात सिमकार्डाची खाच असते, मनोऱ्याशी (टॉवरशी) बोलणारा रेडिओ असतो, बारीक अँटेना असते आणि संगणकाची भाषा रेडिओलहरींत व रेडिओलहरी संगणकाच्या भाषेत उलटविणारा मॉडेम असतो. पडदा, बॅटरी आणि बोलण्याची सोय मात्र नसते. त्याला लागणारी वीज संगणकाच्या यूएसबी खाचेतूनच मिळते. या खाचेची देण्याची क्षमता मर्यादित असते. जुन्या पद्धतीच्या यूएसबी २ खाचेतून ५०० मिलिअँपिअर इतकाच प्रवाह मिळावा असा संकेत आहे. मनोरा दूर असेल तर डोंगलास मोठ्याने ‘ओरडावे’ लागते व प्रवाह अधिक लागतो. जुन्या संगणकाच्या पुढील बाजूच्या सैल खाचेत डोंगल बसविले असता ते वारंवार बंद पडते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. अशा वेळी मागील बाजूची खाच वापरून पाहावी. चालू असताना डोंगल गरम होते, हा दोष नव्हे.

प्रथम जोडणी

डोंगल पहिल्यांदा बसविल्यावर पुष्कळ जण गोंधळतात, कारण संगणक त्याला मॉडेम न समजता सीडी समजतो. यात बिघाड काही नाही. डोंगल चालविण्यास जी आज्ञावली लागते, तिची वेगळी तबकडी द्यावी लागू नये म्हणून उत्पादकांनी ती डोंगलाच्याच पोटात ठेवली. बसविल्याबरोबर डोंगल आधी स्वतःला सीडी म्हणून सादर करते. तिच्यातील आज्ञावली संगणकात उतरली की संगणकाकडून एक इशारा जातो, डोंगल आपले रूप पालटते आणि मॉडेम बनते. जुन्या विंडोजमध्ये हे आपोआप घडत असे. अलीकडच्या विंडोजमध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव ते आपोआप सुरू होत नाही, म्हणून संगणकातील डिस्कांच्या यादीत दिसणारी ती खोटी सीडी उघडून आज्ञावली हाताने सुरू करावी लागते. लिनक्स वापरणाऱ्या शाळांना ‘यूएसबी मोडस्विच’ नावाची लहान उपयुक्त आज्ञावली हे काम करून देते; बहुतेक लिनक्समध्ये ती आधीच असते किंवा मोफत मिळते.

यानंतरची पायरी म्हणजे ‘एपीएन’ हे नाव भरणे. मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटच्या जाळ्यात शिरावयाचे जे द्वार असते, त्याचे हे नाव. डोंगल ज्या कंपनीकडून घेतले तिचेच सिमकार्ड असेल तर ते आधीच भरलेले असते. कार्ड बदलले की नाव बदलावे लागते: भारत संचार निगमसाठी ‘बीएसएनएलनेट’, एअरटेलसाठी ‘एअरटेलजीपीआरएस.कॉम’, जिओसाठी ‘जिओनेट’. ही नावे रोमन लिपीतील लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टंकावयाची असतात. एक अक्षर चुकले तरी डोंगल पूर्ण रेंज दाखवीत राहते आणि एकही पान उघडत नाही. दुरुस्तीच्या दुकानात ‘खराब’ म्हणून आणलेल्या डोंगलांपैकी काहींचा रोग एवढाच असतो. काही आज्ञावली डायल करावयाचा क्रमांकही विचारतात. तो *९९# असा असतो. या क्रमांकावर कोणी फोन उचलत नाही. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट चालत असे त्या काळातील पद्धतीचा तो अवशेष होय, आणि त्याचा अर्थ ‘माहितीची वाट उघडा’ इतकाच.

जुने डोंगल का चालत नाही?

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण सर्वाधिक फसगत येथेच होते. २००९ च्या सुमारास भारतात डोंगलांचा प्रसार सुरू झाला, तेव्हा दोन निरनिराळ्या पद्धती एकाच वेळी बाजारात होत्या. टाटा, रिलायन्स व एमटीएस या कंपन्यांची लोकप्रिय डोंगले सीडीएमए पद्धतीची होती. त्यांचा क्रमांक #७७७ असा असे. दुसरी पद्धत जीएसएमची. तिच्यात तिसऱ्या पिढीची म्हणजे ३जी सेवा महानगर टेलिफोन निगमने डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत सुरू केली, पाठोपाठ २००९ मध्ये भारत संचार निगमने ती इतरत्र आणली, आणि २०१० च्या लिलावानंतर खाजगी कंपन्याही आल्या. एप्रिल २०१२ मध्ये एअरटेलने कोलकात्यात ४जी आणले व सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा देशभर सुरू झाली. त्यापूर्वी एका जीबीसाठी सुमारे अडीचशे रुपये मोजावे लागत. त्यानंतर दर कोसळले आणि डोंगल सामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

या धामधुमीत जुनी जाळी एकेक करून बंद पडली. सीडीएमए सेवा देणाऱ्या कंपन्यांपैकी एमटीएस रिलायन्स कम्युनिकेशन्समध्ये विलीन झाली, त्या कंपनीचा मोबाइल व्यवसाय २०१७ च्या अखेरीस थांबला, आणि टाटांचा ग्राहक मोबाइल व्यवसाय २०१९ मध्ये एअरटेलमध्ये गेला. ती डोंगले आज कोणत्याही उपायाने चालू होणार नाहीत. त्यांच्यासाठी नवे सिमकार्ड आणणे म्हणजे निव्वळ खर्च होय.

३जी डोंगलांची गोष्ट अधिक फसवी आहे. एअरटेलने २०२० पर्यंत आपले ३जी जाळे देशभर बंद केले, इतर कंपन्यांनीही बहुतेक ठिकाणी तेच केले, आणि जिओकडे २जी किंवा ३जी कधी नव्हतेच. अशा स्थितीत ३जी डोंगलात एअरटेलचे कार्ड घातले तर त्याला ३जी सापडत नाही, ४जी त्याला समजत नाही, म्हणून ते मुकाट्याने २जीवर उतरते. पडद्यावर रेंजच्या सर्व काड्या उभ्या असतात. वेग मात्र इतका कमी असतो की सरकारी अर्जाचे पान उघडता उघडता त्याची मुदत संपते. ग्राहकाला वाटते की संकेतस्थळ बंद आहे. डोंगलाच्या दिव्याकडे पाहिल्यास खरे कारण कळते: कित्येक जुन्या डोंगलांत हिरवा दिवा म्हणजे २जी आणि निळा म्हणजे ३जी. आज्ञावलीच्या कोपऱ्यातही ‘ई’ किंवा ‘जी’ हे अक्षर दिसले तर ती जुनी, संथ वाट होय असे समजावे. जिओचे कार्ड अशा डोंगलात घातले तर ‘सेवा नाही’ हेच उत्तर मिळते.

म्हणून जुने डोंगल कोणी भेट दिले अथवा आठवड्याच्या बाजारात स्वस्तात मिळाले, तरी त्याच्यावर ‘४जी’ किंवा ‘एलटीई’ ही अक्षरे आहेत काय हे आधी पाहावे. दुसरी गोष्ट कुलपाची. कंपन्यांनी सवलतीत विकलेली पुष्कळ डोंगले त्याच कंपनीच्या कार्डापुरती बंद केलेली असत. दुसरे कार्ड घातल्यावर ते संकेतांक मागू लागले तर ते बंदिस्त आहे हे ओळखावे. दुकानदार ‘सर्व कार्डे चालतात’ असे तोंडी सांगतो. त्याने आपल्यासमोर आपले कार्ड घालून एक पान उघडून दाखविले, तरच ते खरे मानावे.

खोक्यावरील वेगाचा आकडाही जपून वाचावा लागतो. ‘१५० एमबीपीएस’ यातील एमबी म्हणजे मेगाबिट. आठ मेगाबिटांचा एक मेगाबाइट होतो. शिवाय हा आकडा डोंगलाची कमाल क्षमता सांगतो. गावातील मनोरा तो देईलच असे नाही. मनोऱ्याची एकूण क्षमता त्या क्षणी त्याच्यावर असलेल्या सर्वांत वाटली जाते. सायंकाळी सात ते दहा या वेळेत गावातील प्रत्येक मोबाइलवर काहीतरी चाललेले असते, म्हणून तेव्हा डोंगल मंदावते. अर्ज भरावयाचा असेल तर पहाटे अथवा सकाळी लवकर बसणे श्रेयस्कर, हा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.

रेंज कशी वाढवावी?

ज्याला सर्वत्र ‘रेंज’ म्हणतात ती मनोऱ्याच्या अंतरावर अवलंबून असते, तशीच मध्ये येणाऱ्या आडोशांवरही. चिऱ्याच्या जाड भिंती, लोखंडी पत्रा, सिमेंटचा गच्ची-स्लॅब आणि पावसाने चिंब झालेले दाट रान हे सारे लहरी शोषतात किंवा परतवून लावतात. मंगळुरी कौलांचे छप्पर त्या मानाने सौम्य असते. लहरींची जातही महत्त्वाची आहे: ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात, २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी तितक्या शिरत नाहीत. एकाच घरात एका कंपनीचा फोन माजघरात चालतो आणि दुसरीचा फक्त अंगणात, याचे कारण अनेकदा हे असते.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे यूएसबीची जोडतार. संगणक भिंतीकडे असतो, त्याच्या मागे डोंगल दबून बसते, आणि मग रेंज नाही म्हणून तक्रार होते. दीड-दोन मीटरची चांगली जोडतार घेऊन डोंगल मनोऱ्याच्या दिशेच्या खिडकीत, शक्य तितके उंच टांगावे. तार यापेक्षा फार लांब घेऊ नये; लांब व हलक्या प्रतीच्या तारेत वीज कमी पडते व डोंगल तुटक चालते. डोंगल एकदा एका जागी बांधून टाकू नये. हातभर इकडे-तिकडे सरकवून पाहावे, कारण भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून काही जागी जोर धरतात व काही जागी एकमेकींना मारतात. डोंगलाच्या मागे धातूची मोठी चाळण किंवा कढई मनोऱ्याकडे तोंड करून ठेवली असता लहरी एकवटून थोडा लाभ होतो; हा उपाय हास्यास्पद दिसतो, तथापि त्यामागील तत्त्व छपरावरील डिश अँटेनाचेच आहे.

काड्या मोजण्यापेक्षा आकडा पाहणे अधिक विश्वसनीय. डोंगलाच्या आज्ञावलीत किंवा तिच्या माहितीच्या पानावर ‘आरएसआरपी’ नावाची संख्या मिळते. ती नेहमी ऋण असते. उणे ८०च्या आसपास असल्यास उत्तम, उणे १००च्या आसपास कामचलाऊ, आणि उणे ११० अथवा त्याहून खाली गेल्यास जागा बदलण्यावाचून गत्यंतर नाही. काही डोंगलांना बाहेरची अँटेना जोडण्यासाठी बारीक छिद्र असते. दरीतील घरांनी नवे डोंगल घेताना हे छिद्र आहे काय ते अवश्य पाहावे, कारण छपरावर उंच बांधलेली दिशादर्शी अँटेना जे करते ते खिडकीतील डोंगल करू शकत नाही.

पावसाने रेंज जाते अशी समजूत आहे, ती अर्धी खरी आहे. मनोऱ्यापासून घरापर्यंत येणाऱ्या लहरींवर पावसाच्या थेंबांचा परिणाम नगण्य असतो. परंतु अनेक मनोरे एकमेकांशी उच्च कंपनांच्या सूक्ष्मलहरींनी जोडलेले असतात (मनोऱ्यावर ढोलासारख्या गोल थाळ्या दिसतात त्या याच), आणि त्या लहरींना मुसळधार पाऊस खरोखर अडवितो. त्याहून मोठे कारण विजेचे आहे. आषाढात वाऱ्याने झाड कोसळून तारा तुटल्या की मनोरा आपल्या बॅटरीवर काही तास तग धरतो, मग तोही गप्प होतो. तेव्हा डोंगल काढून-घालून काही उपयोग नसतो.

परिमंडळांची सीमा

मराठी वस्ती ज्या प्रदेशांत पसरलेली आहे ते दूरसंचाराच्या दृष्टीने निरनिराळ्या परिमंडळांत मोडतात. गोवा महाराष्ट्राबरोबर एका परिमंडळात आहे (मुंबईचे परिमंडळ वेगळे). बेळगाव कर्नाटकात, वडोदरा गुजरातेत, इंदूर व ग्वाल्हेर मध्य प्रदेश-छत्तीसगड परिमंडळात आणि हैदराबाद आंध्र प्रदेश परिमंडळात. प्रत्येक परिमंडळात त्याच कंपनीच्या जाळ्याचा सांकेतिक क्रमांक वेगळा असतो. पूर्वी सीमा ओलांडली की भ्रमणशुल्क, म्हणजे रोमिंगचा आकार, लागत असे. २०१७ च्या सुमारास देशांतर्गत रोमिंगचे हे दर मोठ्या कंपन्यांनी काढून टाकले. शुल्क गेले, डोंगलातील कळ मात्र राहिली. अनेक डोंगलांत ‘डेटा रोमिंग’ मूळचे बंद ठेवलेले असते. बेळगावात घेतलेले कार्ड शिक्षणासाठी पणजीस आलेला विद्यार्थी डोंगलात घालतो, रेंज दिसते, बाजूला ‘आर’ हे अक्षर दिसते आणि जोडणी होत नाही. सेटिंगमध्ये डेटा रोमिंग चालू केले की काम होते. खानापूर किंवा चंदगडच्या सीमेवरील गावांत तर घर न सोडताही हा अनुभव येतो, कारण डोंगल कधी या राज्याचा मनोरा पकडते तर कधी त्या राज्याचा. तेथे ही कळ कायम चालू ठेवावी.

डेटा कोठे जातो?

‘रोज दीड जीबी मिळतो, मग दुपारीच कसा संपतो?’ असा प्रश्न नेहमी विचारला जातो. मोबाइलची सवय असलेल्यास हे कोडे वाटते, कारण संगणक मोबाइलपेक्षा कितीतरी अधिक खादाड आहे. एखादा उतारा काहीशे केबीत येतो, अर्ज भरण्यास थोडे एमबी पुरतात. साध्या प्रतीचा तासाभराचा चित्रपाठ अर्धा ते पाऊण जीबी घेतो, आणि स्पष्ट प्रतीचा असल्यास त्याच्या दुप्पट अथवा अधिक. यांपैकी काहीही न करता जो डेटा संपतो तो बहुधा विंडोज स्वतःची सुधारणा करून घेण्यात खर्चते. ही सुधारणा कधी काहीशे एमबीची तर कधी अनेक जीबींची असते, आणि संगणक तिच्याविषयी आधी विचारीलच असे नाही.

तारेच्या जोडणीत हे चालून जाते. डोंगलावर ते परवडत नाही. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ही जोडणी ‘मीटर्ड’ म्हणजे मोजून मिळणारी आहे असे एकदा सांगून ठेवावे. मग मोठ्या सुधारणा थांबून राहतात. त्या कायमच्या थांबविणे मात्र योग्य नाही, कारण विषाणूंपासून संरक्षण त्यांतूनच होते. महिन्यातून एकदा, दिवसाचा डेटा शिल्लक असेल अशा रात्री, त्या करून घ्याव्यात किंवा संगणक तार असलेल्या ठिकाणी नेऊन कराव्यात.

डोंगलाचा क्रमांक अर्जात लिहू नये

डोंगलातील सिमकार्डालाही दहा अंकी क्रमांक असतो आणि त्यावर संदेश येतात. ते संदेश डोंगलाच्या आज्ञावलीत एका कोपऱ्यात साठत राहतात. मोबाइलप्रमाणे घंटी वाजत नाही. मुदत संपत आल्याची सूचना तेथेच येते व वाचली जात नाही. एवढ्यापुरते असते तर नुकसान थोडे होते. परंतु पंचायतीत किंवा सेवाकेंद्रात गर्दीच्या दिवशी ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही, अशा वृद्धांच्या अर्जात सोय म्हणून संगणकाच्या डोंगलाचाच क्रमांक लिहिण्याचा मोह होतो. त्या वेळी अर्ज पार पडतो. पुढे त्या व्यक्तीच्या बँकखात्याचा अथवा अनुदानाचा एकवेळचा संकेतांक त्या क्रमांकावर जातो, आणि तोपर्यंत डोंगल दुसऱ्या टेबलावर किंवा दुसऱ्या गावात गेलेले असते. नियमानुसार नव्वद दिवस काहीच वापर नसलेले आगाऊ भरण्याचे कार्ड कंपनी बंद करू शकते व तो क्रमांक कालांतराने त्रयस्थास मिळू शकतो. मग म्हाताऱ्या बाईच्या पेन्शनचा संकेतांक एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो. अर्जात घरातील मुलाचा, सुनेचा, विश्वासू शेजाऱ्याचा क्रमांक घालावा. डोंगलाचा कदापि घालू नये. आणि पूर्वी असा क्रमांक दिला गेला असेल तर बँकेत जाऊन तो बदलून घ्यावा, त्यासाठी डोंगल बंद पडण्याची वाट पाहू नये.

डोंगल, पॉकेट वाय-फाय की मोबाइल?

आज बाजारात तीन प्रकार दिसतात. साधे डोंगल एकाच संगणकास इंटरनेट देते. दुसऱ्या प्रकारात तेच डोंगल आपल्याभोवती वाय-फायचे लहान वर्तुळ निर्माण करते. ते संगणकात न बसविता मोबाइलच्या चार्जरवरही चालते. तिसऱ्याला स्वतःची बॅटरी असते व त्याला पॉकेट वाय-फाय म्हणतात. शाळेसाठी दुसरा किंवा तिसरा प्रकार सोयीचा, कारण सर्वसाधारणपणे दहापर्यंत उपकरणे त्याच्याशी जोडता येतात. तथापि दहा मुलांनी एकाच वेळी चित्रफीत लावल्यास कोणालाच ती धड दिसणार नाही. शिक्षकाने धडा एकदा उतरवून घेऊन संगणकावरून सर्वांना दाखविणे हे अधिक शहाणपणाचे. वाय-फायचा मूळचा परवलीचा शब्द डोंगलाच्या झाकणाच्या आत छापलेला असतो. तो पहिल्याच दिवशी बदलावा, नाहीतर शाळेचा डेटा संध्याकाळी कट्ट्यावर संपतो.

ज्याच्याकडे ४जी मोबाइल आहे त्याने डोंगल विकत घेण्यापूर्वी एक प्रयोग अवश्य करावा. मोबाइल त्याच्या चार्जिंगच्या तारेने संगणकास जोडून सेटिंगमधील ‘यूएसबी टेथरिंग’ चालू केले की मोबाइल हेच डोंगल बनते. अधूनमधून लागणाऱ्या घरगुती कामास एवढे पुरेसे आहे आणि त्यास दमडीचाही खर्च नाही. ज्या संगणकावर रोज अनेक जणांची कामे होतात तेथे मात्र कोणाचा तरी मोबाइल सतत अडकवून ठेवणे शक्य नसते. तेथे वेगळे डोंगल हवे. याच प्रयोगाने कोणत्या कंपनीचे कार्ड घ्यावे हेही ठरते. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे निरनिराळ्या कंपन्यांचे मोबाइल आळीपाळीने संगणकाच्या जागीच ठेवून जो चांगला चालेल त्याचे कार्ड घ्यावे. जाहिरातीतील नकाशा गावाचे नाव दाखवितो, घराची खिडकी दाखवीत नाही.

जेथे मोबाइलच चालत नाही तेथे अर्थातच डोंगलाचा काही उपयोग नाही. अशा गावांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली असून देशातील २४,६८० वंचित गावांत भारत संचार निगममार्फत ४जी मनोरे उभारण्याचे काम तिच्याखाली हाती घेण्यात आले. दुसरीकडे भारतनेट प्रकल्पातून ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्यात येत आहे. गोव्यात गोवा ब्रॉडबँड नेटवर्कने सरकारी कार्यालये व पंचायती जोडण्याचे काम केले. जेथे अशी तार पोहोचली आहे तेथे रोजच्या कामास तीच वापरावी. वेग व खर्च या दोन्ही बाबतींत डोंगल तिची बरोबरी करू शकत नाही.

तरीही रस्त्याच्या खोदकामात तार तुटली की दुरुस्तीस दिवस लागतात, आणि अर्जाची शेवटची तारीख तेवढे दिवस थांबत नाही. म्हणून तार असलेल्या पंचायतीनेही एक चालू डोंगल राखीव ठेवावे. राखीव डोंगलाचे कार्ड दर दोन महिन्यांनी थोडे वापरावे व त्याचे रिचार्ज वेळेवर करावे, म्हणजे ते नव्वद दिवसांच्या नियमात सापडणार नाही. टोपण लावून ते पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. कोकणपट्टीच्या पावसाळी दमटपणात यूएसबीच्या टोकास गंज चढतो आणि नेमक्या गरजेच्या दिवशी संगणक त्याला ओळखत नाही.